सर्व चाचण्या निगेटिव्ह, तरी त्रास कायम: जिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकचा अनुभव

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या म्हणजेच नॅकोच्या कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची केंद्रे चालतात. तिथे रक्त तपासले जाते आणि आजार असेल तर औषधे मोफत मिळतात, एवढी त्यांची ओळख बहुतेकांना असते. ज्यांचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले आहेत, पण लघवीच्या जागी जळजळ, ओटीपोटात ओढल्यासारखे दुखणे किंवा त्वचेवरची आग काही केल्या थांबत नाही आणि त्यामुळे मनाची शांतता उडाली आहे, अशा माणसांना या केंद्राचा उपयोग होतो की नाही, हे सांगण्यासाठी मी हे परीक्षण लिहीत आहे. पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्हा रुग्णालयाच्या क्लिनिकमध्ये मी काही महिने उपचार घेतले. मला तिथे मिळालेली सेवा त्याआधी पैसे मोजून घेतलेल्या सेवेपेक्षा कितीतरी सरस होती. तिच्या उणिवाही आहेत आणि त्या मी पुढे स्पष्टपणे मांडणार आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. निरोध न वापरता झालेल्या एका संबंधानंतर काही दिवसांनी मला लघवी करताना जळजळ जाणवू लागली. पू किंवा स्राव कधीच दिसला नाही, फोड किंवा जखमही नव्हती. एका खासगी दवाखान्यात कपडे न काढताच नुसती चौकशी झाली आणि प्रतिजैविकांचा कोर्स मिळाला. तो संपल्यावर उतार पडला नाही म्हणून दुसरा, अधिक तीव्र कोर्स मिळाला, आणि त्यासोबत रोज जंतुनाशक द्रावणाने ती जागा धुण्याचा सल्लाही. नंतर एका खासगी प्रयोगशाळेचे लैंगिक आजारांचे ‘फुल पॅकेज’ मी ऑनलाइन नोंदवले. घरी येऊन रक्त आणि लघवी नेली गेली, आणि मोबाइलवर कित्येक पानांचा रिपोर्ट आला. एचआयव्ही, उपदंश, कावीळ बी आणि सी हे सगळे निगेटिव्ह होते, परंतु नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूच्या आयजीएम चाचणीपुढे (रक्तातील एका प्रकारच्या प्रतिपिंडांची चाचणी) ‘बॉर्डरलाइन’ असा शेरा होता आणि तो लाल अक्षरांत छापलेला होता. त्याचा अर्थ विचारण्यासाठी दिलेल्या क्रमांकावर मला दुसरे, आणखी मोठे पॅकेज घेण्याची शिफारस करण्यात आली. काही हजार रुपये घेणाऱ्या त्या सेवेत रुग्णाशी बोलणारा एकही माणूस नव्हता, हा माझा तिच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

सुरक्षा क्लिनिकमध्ये याच्या अगदी उलट क्रम असतो. तिथे आधी माणूस भेटतो आणि चाचणीचा विषय नंतर निघतो. केसपेपर काढून त्वचा व गुप्तरोग विभागात गेल्यावर मला प्रथम समुपदेशकांच्या खोलीत पाठवण्यात आले. ती खोली लहान होती, पण तिला दार होते आणि ते लावून घेतले गेले, ही बाब मी मुद्दाम नोंदवतो. समुपदेशक मॅडमनी संबंध कोणत्या प्रकारचा होता, कधी झाला, त्यानंतर कोणकोणती औषधे किती दिवस घेतली, जळजळ लघवीच्या सुरुवातीला होते की शेवटी, वीर्यस्खलनानंतर दुखते का, शौचास साफ होते का, दिवसात किती तास बसून काम असते, झोप कशी आहे, असे प्रश्न क्रमाने विचारले. त्यांच्या आवाजात ना उपदेश होता, ना अवघडलेपणा. जोडीदाराविषयी विचारतानाही त्यांनी लग्न झाले आहे का, असे न विचारता, ‘सध्या तुमचा कोणाशी संबंध आहे का, आणि त्या व्यक्तीला काही त्रास आहे का?’ असे विचारले. ज्या समाजात या विषयाची माहिती अजूनही रेल्वे रुळालगतच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींतून मिळते, तिथे शासनाच्या पगारावरची एक व्यक्ती इतक्या सरळपणे बोलते, याचे मोल मला फार वाटते.

त्यानंतर डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणी केली. इतक्या महिन्यांत कोणीतरी दिव्याच्या उजेडात, हातमोजे घालून ती जागा पाहण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांनी पुढची त्वचा मागे घ्यायला लावून आतला भाग पाहिला, लघवीचे छिद्र पाहिले, मूत्रमार्गावर मागून पुढे हलका दाब देऊन स्राव येतो का हे तपासले, दोन्ही वृषण आणि जांघेतल्या गाठी चाचपल्या. शिस्नमुंडाच्या कडेने असलेले बारीक, एका ओळीतले पांढुरके दाणे मी त्यांना घाबरत दाखवले. ते अनेक निरोगी पुरुषांत असतात, संसर्गाने येत नाहीत आणि त्यांच्यावर कोणताही उपचार करू नये, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर मला दोन तास लघवी न करता थांबायला सांगून मूत्रमार्गातून बारीक स्वॅबने नमुना घेण्यात आला आणि तो काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला. स्वॅब घेताना दुखते, हे मी लपवणार नाही, परंतु ते काही क्षणांपुरतेच असते. काचपट्टीवर पूपेशी आढळल्या नाहीत. मूत्रमार्गाला खरोखर दाह असेल तर तिथे पांढऱ्या पेशी दिसण्याची अपेक्षा असते, त्यामुळे रक्ताच्या अनेक पानी रिपोर्टपेक्षा ही एक काचपट्टी माझ्या तक्रारीच्या अधिक जवळ जाणारी होती.

कोणती चाचणी काय पाहू शकते आणि काय पाहू शकत नाही, हे डॉक्टरांनी ज्या धीराने समजावले, तो भाग मला या सेवेत सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून तो जरा विस्ताराने देतो. परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया हे मूत्रमार्गाचे आजार आहेत; ते शोधण्यासाठी लघवीच्या पहिल्या धारेची जनुकीय चाचणी लागते, आणि संपर्कानंतर दोन आठवडे उलटल्यावर ती विश्वासार्ह ठरते. माझ्या पॅकेजमध्ये क्लॅमिडियाची जी चाचणी होती ती रक्तातील प्रतिपिंडांची होती, आणि सध्या मूत्रमार्गात संसर्ग आहे की नाही याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. हर्पिसच्या आयजीएम चाचणीवर निदान करू नये, कारण ती वारंवार खोटी पॉझिटिव्ह येते आणि नवा संसर्ग कोणता व जुना कोणता हेही नीट सांगत नाही. फोड आलेच तर त्याच वेळी त्या फोडातून नमुना घेणे हा योग्य मार्ग आहे. एचआयव्हीसाठी प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीची, म्हणजे विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी चाचणी संपर्कानंतर 45 दिवसांनी निर्णायक धरता येते, तर केंद्रात होणाऱ्या रॅपिड चाचणीसाठी तीन महिने पूर्ण होऊ द्यावेत. उपदंशासाठीही शेवटची चाचणी तीन महिन्यांनीच करावी. समुपदेशक मॅडमनी ती शेवटची तारीख माझ्या केसपेपरवर लिहून तिच्याभोवती पेनाने गोल केला आणि, ‘या तारखेला यायचं, आणि त्यानंतर नवीन संपर्क झाल्याशिवाय परत चाचणी करायची नाही,’ असे बजावले. चाचण्या कधी थांबवायच्या हे मला सांगणारी ही पहिलीच सेवा होती.

जनुकीय चाचणीची सोय त्या क्लिनिकमध्ये नव्हती. डॉक्टरांनी ती बाहेरून, फक्त ती एकच, करून आणायला सांगितली. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या जंतूचे नाव मी त्यांच्यापुढे काढले, कारण नेहमीच्या तपासण्यांत तो येत नाही हे मी वाचले होते. तो जंतू खरोखर मूत्रमार्गाचा दाह करतो आणि स्राव किंवा पूपेशी दिसत असतील तर त्याची चाचणी अवश्य करावी, पण पूपेशीच नसताना ती करण्यात अर्थ नाही, असे त्यांचे उत्तर होते. युरियाप्लाझ्मा या दुसऱ्या जंतूविषयी ते अधिक ठाम होते. तो कितीतरी निरोगी स्त्रीपुरुषांत आढळतो, आणि पॅकेजच्या यादीत तो आला की सापडतोच, मग त्याच्यासाठी पुन्हा प्रतिजैविके सुरू होतात. बाहेरून आणलेला रिपोर्ट निगेटिव्ह आला. लघवीचे कल्चर, रक्तातील साखर आणि ओटीपोटाची सोनोग्राफी रुग्णालयातच झाली आणि त्यांतही दोष आढळला नाही. कावीळ बीची लस घेतलेली नसेल तर तिचे तीन डोस पूर्ण करा, हा सल्लाही याच भेटीत मिळाला.

निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन इतर ठिकाणी माझे संभाषण संपत असे. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले होते. या डॉक्टरांनी ते वाक्य उच्चारले नाही. संसर्ग नाही म्हणजे त्रास नाही असे होत नाही, इथून त्यांनी पुढे बोलायला सुरुवात केली. माझी जळजळ लघवी करतानापेक्षा लघवीनंतर अधिक होती, अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत जडपणा होता, बराच वेळ बसल्यावर तो वाढत असे आणि गरम पाण्यात बसल्यावर कमी होत असे. गुदद्वारातून बोटाने तपासणी करताना त्यांनी एका बाजूच्या स्नायूवर दाब दिला तेव्हा शिस्नाच्या टोकाशी नेमकी तीच ओळखीची जळजळ उमटली. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू, मूत्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथी यांचे रेखाचित्र काढून दाखवले, आणि हे स्नायू भीतीने व सततच्या लक्ष देण्याने आवळलेले राहिले की त्यांचे दुखणे लघवीच्या मार्गात जाणवते, असे समजावले. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन ओटीपोटदुखी म्हणतात. 1995 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने प्रोस्टेटच्या तक्रारींचे चार गट ठरले, त्यांतल्या तिसऱ्या गटात ती मोडते, आणि प्रोस्टेटच्या नावाखाली येणाऱ्या बहुतांश तक्रारी याच गटातल्या असतात. तिथे जंतू सापडत नाही, म्हणून एकामागून एक प्रतिजैविके देऊन उतार पडत नाही.

त्वचेचा प्रश्न वेगळा निघाला. जंतुनाशक द्रावणाने रोज धुतल्यामुळे शिस्नमुंडाची त्वचा कोरडी व लालसर झाली होती. ते द्रावण आणि साबण दोन्ही बंद करून फक्त साध्या पाण्याने धुण्यास आणि साधे पेट्रोलियम जेली लावण्यास सांगितले गेले. मेडिकलमधून एखादे मलम आणून लावले आहे का, हे डॉक्टरांनी दोनदा विचारले. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे जांघेच्या खाजेवर सर्रास वापरली जातात, त्यांनी नायटा दबून पसरतो आणि अंडकोशाची त्वचा पातळ, लाल होऊन सतत आग करू लागते, असे रुग्ण त्यांच्याकडे नित्य येतात. 2018 मध्ये केंद्र शासनाने स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, पण दुकानात तोंडी मागितल्यावर ती आजही मिळतात. शिस्नाच्या टोकाला पांढरट, चिवट चट्टा पडून त्वचा मागे जाणे अवघड झाले असेल, किंवा साखरेच्या रुग्णाला तिथे वारंवार बुरशी होत असेल, तर ते निगेटिव्ह रिपोर्टमध्ये कधीच दिसणार नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाने डोळ्यांनी पाहणे लागते, आणि सुरक्षा क्लिनिक त्वचा विभागातच असल्यामुळे मला ते एकाच खोलीत मिळाले.

काळजीविषयी मात्र मी समुपदेशक मॅडमचा ऋणी आहे. दिवसातून कितीदा स्राव आहे का ते पिळून पाहता, असे त्यांनी विचारले तेव्हा मला आश्चर्य वाटले, कारण ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नव्हती. त्या म्हणाल्या की निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन येणारी बहुतेक माणसे हे करतात, आणि वारंवार पिळल्याने मूत्रमार्गाचे तोंड चुरचुरू लागते, लाल होते, कधी थोडा पाझरही येतो, मग त्या पाझराची भीती वाटून माणूस पुन्हा पिळतो. ते पूर्ण बंद करण्याची सूचना त्यांनी औषधासारखी केसपेपरवर लिहून दिली. ‘चाचणी केल्यावर बरं वाटतं ना? किती दिवस वाटतं?’ हा त्यांचा प्रश्न मला अजून आठवतो. धातू जातो, त्याने अंगातली शक्ती संपते, या समजुतीने त्रासलेले तरुणही त्यांच्यासमोर येतात. डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव देऊन मनोविकारशास्त्रात तिची नोंद केली, आणि लघवीसोबत जाणारा थोडा पांढुरका पदार्थ हा आजार नव्हे हे समजावण्यातच समुपदेशनाचा बराच वेळ जातो. मला रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवताना मॅडमनी, ‘त्रास तुमच्या मनाचा खेळ आहे म्हणून नाही, तर दुखणं आणि भीती एकमेकांना धरून वाढतात म्हणून पाठवते,’ असे सांगितले. या एका वाक्यामुळे मी तिथे गेलो, अन्यथा गेलो नसतो.

उपचार साधे होते: स्नायू सैल सोडण्याचे व पोटातून श्वास घेण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून, गरम पाण्याच्या टबात बसणे, बद्धकोष्ठता टाळणे, ठरावीक वेळाने खुर्चीवरून उठणे, आणि काही काळ झोपेसाठी व दुखण्यासाठी एक गोळी. एक इशारा इथे द्यायला हवा. ओटीपोटाचे स्नायू आवळण्याचे जे व्यायाम सर्वत्र सुचवले जातात ते अशा रुग्णाने आपल्या मनाने करू नयेत, कारण इथे स्नायू आधीच आवळलेले असतात. माझा त्रास एकदम गेला नाही. तो हळूहळू कमी झाला, मध्ये मध्ये उसळला, आणि आता कामाच्या ताणाच्या दिवसांत थोडा जाणवतो.

स्त्रियांसाठी हीच सेवा स्त्रीरोग विभागातून दिली जाते. तिच्याविषयी मी स्वानुभवाने बोलू शकत नाही, पण अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेल्या प्रत्येक स्त्रीला लैंगिक संसर्ग नसतो, योनीतील नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडणे आणि बुरशी ही कारणे कितीतरी अधिक आढळतात, आणि सगळे रिपोर्ट स्वच्छ असूनही योनीमुखाशी तीन महिन्यांहून अधिक आग किंवा दुखणे राहणे हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला स्वतंत्र विकार आहे, हे त्या खोलीतील तक्त्यावर मराठीत लिहिलेले असते तर बरे झाले असते. तिथले तक्ते फक्त निरोध आणि एचआयव्ही यांच्याविषयी होते.

आता उणिवा. या कार्यक्रमाची रचना लक्षणांवरून उपचार करण्यासाठी झालेली आहे. स्रावासाठी करड्या रंगाचे पाकीट, योनीस्रावासाठी हिरवे, हर्पिससाठी लाल, ओटीपोटदुखीसाठी पिवळे, अशी रंगांनुसार औषधांची पाकिटे ठरलेली आहेत, आणि जिथे प्रयोगशाळा दूर आहे तिथे ज्याला खरोखर परमा झाला आहे त्याला त्याच दिवशी औषध मिळते, हे मोठे काम आहे. परंतु स्राव नसलेल्या माणसालाही ‘घेऊन टाका’ म्हणून करडे पाकीट पुढे केले जाण्याचा धोका या पद्धतीत आहे. माझ्या दुसऱ्या भेटीत नेहमीचे डॉक्टर रजेवर होते आणि बदली डॉक्टरांनी केसपेपर न उलटता तेच सुचवले. समुपदेशकांनी मध्ये पडून आधीच्या नोंदी दाखवल्या म्हणून ते टळले. दर भेटीला तोच डॉक्टर भेटेल याची खात्री नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे, कारण या प्रकारच्या दुखण्यात सगळी गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगावी लागणे हेच अर्धे आजारपण होते. ओपीडी फक्त सकाळची असल्याने रोजंदारीवरच्या माणसाचा पगार बुडतो. बाहेरच्या बाकांवर बसलेल्यांसमोर शिपाई पूर्ण नाव मोठ्याने पुकारतो. 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने रुग्णाची गोपनीयता बंधनकारक केली आहे, आणि त्या कायद्याचा फलक ज्या भिंतीवर लावला आहे तिच्याखालीच हे घडते. टोकन क्रमांक पुकारला तर काही खर्च येणार नाही. जनुकीय चाचणी जिल्हा पातळीवर नसणे ही उणीव तर धोरणाची आहे.

खर्चाबाबत तक्रारीला जागा नाही. एचआयव्ही आणि उपदंशाची चाचणी, समुपदेशन आणि औषधे विनामूल्य मिळतात, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे घेतले जात नाहीत.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. चौकशीच्या खिडकीवर ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ विचारावा. ‘सुरक्षा क्लिनिक’ हे नाव खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनाही नेहमी ठाऊक असते असे नाही. आधी घेतलेल्या सर्व औषधांची नावे व तारखा लिहून न्याव्यात, मलमांच्या ट्यूबही सोबत ठेवाव्यात, जुने रिपोर्ट छापून न्यावेत आणि तपासणीपूर्वी दोन तास लघवी करू नये. जवळचे केंद्र कुठे आहे हे 1097 या विनाशुल्क क्रमांकावर मराठीतही विचारता येते, आणि रात्री भीतीने झोप उडाली असेल तर टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. ताप, वृषणात अचानक तीव्र कळ, लघवीतून रक्त, लघवी अडणे, नवा फोड किंवा उघड दिसणारा पू, यांपैकी काहीही झाले तर मात्र ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी अपघात विभागात जावे.